फियाट की अँबॅसडर : एका वादाची ऐतिहासिक मीमांसा

१

मोटारगाड्यांच्या धंद्याचा इतिहास लिहिताना कारखानदार आणि सरकार या दोघांच्या कृतींना सहसा प्राधान्य मिळते. गाडी विकत घेणारा, ती चालविणारा आणि तिच्या गुणदोषांविषयी हिरिरीने वाद घालणारा जो वर्ग, तो या इतिहासात केवळ मागणीचा आकडा म्हणून येतो. वस्तुतः या वर्गाचे मत ही धंद्याला वळण देणारी शक्ती ठरू शकते. या बाबतीत अमेरिकेतील उदाहरण प्रसिद्ध आहे. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली बाजारात आणलेली 'मॉडेल टी' ही गाडी एकोणीस वर्षे मूळ रचनेत फारसा बदल न करता चालू ठेवली आणि तिची किंमत ते सतत उतरवीत गेले. परंतु थोड्या अधिक किमतीत अधिक सोयी देणारी शेव्हरोले मिळू लागताच गिऱ्हाईक तिकडे वळले, आणि सुमारे दीड कोटी गाड्या निघाल्यानंतर १९२७ च्या मे महिन्यात 'मॉडेल टी' बंद करणे फोर्ड यांना भाग पडले. गाडीच्या शौकिनांचा वाद तेथे बाजारात निकालात निघाला.

भारतात असाच एक वाद सुमारे १९५८ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, अखंड चालू होता : फियाट चांगली की अँबॅसडर? मुंबई-पुण्यातील डॉक्टर-वकिलांच्या बैठकींत, गॅरेजांत आणि टॅक्सीच्या थांब्यांवर तो चाले. दक्षिणेत स्टँडर्ड हेरल्ड ही तिसरी गाडी त्यात सामील होई. वेग, किंमत आणि यंत्ररचना हे वादाचे तीन विषय होते, आणि वाद घालणारे अमेरिकेतील शौकिनांपेक्षा कमी जाणकार होते असे मुळीच नाही. तरीही या वादामुळे या काळात एकही प्रमुख गाडी मागे पडून बंद झाली नाही आणि एकीचीही रचना मुळापासून बदलली नाही. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

या दोन गाड्यांच्या कारखान्यांची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे अवश्य आहे. मुंबईत मोटारीचा स्वदेशी कारखाना काढण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास आखली होती. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. युद्धकाळात हिंदुस्थान सरकारचे साहाय्य न मिळाल्याने योजना रेंगाळली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो व प्लिमथ या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. दुसरीकडे बिर्ला घराण्याने १९४२ मध्ये हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी काढली. तिचे काम प्रथम सौराष्ट्रातील ओखा बंदरात सुरू झाले आणि १९४८ मध्ये कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे हलविण्यात आले. या कंपनीचा करार इंग्लंडमधील मॉरिस गाड्यांच्या उत्पादकांशी होता.

स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारतीय गिऱ्हाइकापुढे निवड करण्यास वाव होता. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून मुंबईत होता, आणि फोर्डच्या गाड्यांचीही जुळणी देशात होत असे. परंतु १९५३ च्या जकात आयोगाच्या अहवालानंतर परिस्थिती पालटली. ज्या कंपन्या क्रमाक्रमाने देशातच भाग तयार करण्याचा कार्यक्रम अंगीकारतील त्यांनाच धंद्यात राहू द्यावे, असे धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी ते न स्वीकारता आपले जुळणीचे काम बंद केले. पुढे १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईने बाहेरून येणाऱ्या गाड्यांची उरलीसुरली वाटही अरुंद झाली.

अशा रीतीने मैदान मोकळे झाल्यावर प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून प्रथम लहान '५००' आणि १९५४ पासून '११००' ही गाडी हाती घेतली. १९६४ मध्ये तिचे '११०० डी' हे रूप आले. तेच १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकले गेले. हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेवरून 'लँडमास्टर' आणि १९५७-५८ च्या सुमारास तिसऱ्या मालिकेवरून 'अँबॅसडर' काढली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ मध्ये 'हेरल्ड' आणली. या तीन गाड्यांतूनच निवड करावयाची, ही पुढील दोन दशकांची मर्यादा अशी आखली गेली. वाद सुरू होण्यापूर्वीच त्याचे पक्ष दिल्लीत निश्चित झाले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

३

प्रथम यंत्ररचनेचा विचार करू. अँबॅसडरच्या पक्षाचा मुख्य मुद्दा मजबुतीचा असे. तिचा पत्रा जाड, चाके मोठी, मागील बैठक प्रशस्त. खेड्यापाड्यांच्या खडबडीत रस्त्यांवर तीच टिकते, असे म्हटले जाई. उलट फियाट ही नाजूक, शहरी गाडी; तिचे गुण हलकेपणा, चपळपणा आणि पेट्रोलची काटकसर. हेरल्ड तर या दोघींहूनही नाजूक मानली जाई.

यांतील पुष्कळ निरीक्षणे अनुभवाने खरी होती, परंतु त्यांना दिली जाणारी कारणे नेहमीच खरी नव्हती. अँबॅसडरची ताकद तिच्या भक्कम सांगाड्यात आहे, असा सार्वत्रिक समज होता. वास्तविक अँबॅसडरला खालून वेगळा सांगाडा नव्हताच. फियाटप्रमाणेच तिचीही पत्र्याची काया हाच भार वाहणारा भाग होता. स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर काया बसविण्याची जुनी पद्धत हेरल्डमध्ये होती, म्हणजे जी गाडी सर्वांत नाजूक समजली गेली तिच्यातच! गाडीचा टिकाऊपणा सांगाडा असण्यानसण्यावर अवलंबून नव्हता. पत्र्याची जाडी, स्प्रिंगांची रचना, चाकांचा व्यास आणि गाडीची जमिनीपासूनची उंची या गोष्टींवर तो ठरत होता.

सुकाणूच्या बाबतीतही असाच विपर्यास दिसतो. अँबॅसडरमध्ये दंतपट्टी व दंतचक्र यांची सरळ रचना होती. पुढे जगभर हीच रचना सर्वमान्य झाली. फियाटमध्ये त्या मानाने जुनी, मळसूत्री दांड्याची रचना होती. तरीही गर्दीच्या रस्त्यावर फियाट हाताला हलकी लागते, हे दोन्ही पक्ष मान्य करीत. याचे श्रेय सुकाणूच्या रचनेपेक्षा गाडीच्या कमी वजनाला आणि लहान आकाराला होते. पुढील चाकांसाठी अँबॅसडरमध्ये पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्या, तर फियाटमध्ये गुंडाळी-स्प्रिंगा होत्या. मागे मात्र दोघींनाही अखंड आंस आणि पट्टीच्या स्प्रिंगाच होत्या. सारांश, दोन्ही गाड्या युरोपातील एकाच पिढीच्या होत्या. त्यांच्यातील भेद तत्त्वाचा कमी आणि प्रमाणाचा अधिक होता.

४

वेग आणि शक्ती यांविषयीचा वाद आकड्यांनी सुटण्यासारखा होता असे वाटते. अँबॅसडरचे एंजिन आरंभी १४७६ घनसेंटिमीटरचे, बाजूस झडपा असलेले होते. १९५९ पासून त्याच्या जागी माथ्यावर झडपा असलेले १४८९ घनसेंटिमीटरचे एंजिन आले. त्याची शक्ती सुमारे पन्नास अश्वशक्ती होती. फियाटचे एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, आणि त्याची शक्ती सुमारे चाळीस. अँबॅसडरचा पक्ष हे आकडे पुढे करी. परंतु अँबॅसडरचे वजन अकराशे किलोग्रॅमहून अधिक होते, तर फियाटचे सुमारे नऊशे. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर दर टनामागे दोघींची शक्ती जवळजवळ सारखीच, पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास भरते.

तेव्हा आकड्यांनी वाद मिटत नाही, हाच आकड्यांचा निष्कर्ष. फरक शक्तीच्या स्वभावात होता. अँबॅसडरचे मोठे एंजिन कमी फेऱ्यांतच जोर देई. त्यामुळे पाच-सहा माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना गिअर कमी बदलावा लागे. फियाटच्या लहान एंजिनला जोर येण्यास अधिक फेऱ्या लागत, परंतु एकट्या-दुकट्याने शहरात हिंडताना ते उत्साही वाटे. मद्रासजवळ शोलावरम येथील जुन्या विमान-धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत शौकीन लोक याच गाड्यांची एंजिने सुधारून उतरवीत. त्यावरून चालकाचे आणि मिस्त्रीचे कौशल्य कळे, परंतु कारखान्यातून निघणाऱ्या गाडीविषयी त्यातून फारसे सिद्ध होत नसे.

म्हणून वादाचा खरा निर्णय गाडीच्या कामावर अवलंबून होता. मुंबईची टॅक्सी फियाट झाली आणि कलकत्त्याची अँबॅसडर. दोन्ही शहरांत आपापल्या जवळच्या कारखान्याची गाडी, तिचे सुटे भाग आणि ती जाणणारे मिस्त्री सहज मिळत, हे या निवडीमागचे एक कारण होय. सरकारी खात्यांनी अँबॅसडर पत्करली. तिच्या मागील बैठकीवर अधिकाऱ्याला ऐसपैस बसता येई, आणि जिल्ह्याच्या दौऱ्यात ती कोठेही दुरुस्त करता येई. गॅरेजवाल्याला दोन्ही गाड्या सारख्याच परिचित होत्या. रस्त्याच्या कडेला पाना-पकड घेऊन दुरुस्त करता येणे हा गुण परदेशी कारखानदारांच्या जाहिरातीत क्वचितच आढळेल, परंतु भारतीय मालकाच्या दृष्टीने तो वेगाहून मोलाचा होता. या बाबतीत शौकिनांचा वाद अत्यंत व्यवहारी आणि सूक्ष्म होता, असेच म्हणावे लागते.

५

किमतीच्या प्रश्नात या वादाचे वैशिष्ट्य सर्वांत स्पष्ट दिसते. सामान्य बाजारात किंमत ही दोन गाड्यांमधील तुलनेची भाषा असते. एखादी गाडी महाग असेल तर त्या जास्तीच्या पैशांत काय मिळते, असे गिऱ्हाईक विचारू शकते. येथे ती भाषाच बदललेली होती. गाड्यांच्या वाटपावर सरकारचे नियंत्रण होते, आणि १९६९ मध्ये सरकारने उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाखाली तिन्ही गाड्यांच्या विक्रीच्या किमती ठरवून दिल्या. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायालयाने या प्रकरणात जो निर्णय दिला, त्यात 'वाजवी किंमत' म्हणजे काय याचा बारकाईने ऊहापोह झाला. उत्पादनाचा खर्च किती धरावा, भांडवलावर किती परतावा असावा, खर्च वाढल्यास किंमत कशी वाढवावी, हे त्यातील प्रश्न होते. गाडी किती चांगली आहे, हा प्रश्न मात्र त्या चौकटीत उद्भवतच नव्हता. किंमत खर्चावरून ठरत होती, गुणावरून नव्हे.

गिऱ्हाइकाला खरी किंमत रुपयांखेरीज वर्षांत मोजावी लागे. आगाऊ रक्कम भरून नाव नोंदवावयाचे आणि पाळी येईपर्यंत वाट पाहावयाची, ही रीत होती. फियाटची रांग विशेष लांब असे, आणि तिला कित्येक वर्षे लागत. साहजिकच थोडी वापरलेली फियाट जुन्या गाड्यांच्या बाजारात नव्या गाडीच्या नियंत्रित किमतीहूनही अधिक किमतीस विकली जाई. हे अधिमूल्य म्हणजे शौकिनांच्या वादाचा एकमेव निःपक्षपाती निकाल होय. शहरी खाजगी मालकाचा कौल कोणाकडे होता, ते त्यावरून समजते. परंतु हा निकाल कारखान्यापर्यंत पोहोचत नव्हता. अधिमूल्याची रक्कम जुनी गाडी विकणाऱ्याच्या खिशात जाई. कुर्ल्याच्या कारखान्याला तिच्यातून ना नव्या यंत्रांसाठी भांडवल मिळे, ना उत्पादन वाढविण्याची मोकळीक. त्याचप्रमाणे उत्तरपाड्याच्या कारखान्यालाही खाजगी गिऱ्हाइकाच्या नापसंतीची झळ लागत नसे, कारण सरकारी खात्यांची मागणी त्याच्या पाठीशी होती.

याला यंत्रशास्त्रीय बाजूही होती. गाडीची काया बदलावयाची तर पत्रा दाबून आकार देणारे अवजड साचे नव्याने करावे लागतात, आणि त्यांचा खर्च हजारो गाड्यांवर विभागला गेला तरच परवडतो. सत्तरीच्या दशकात सर्व कारखाने मिळून देशातील मोटारींचे वार्षिक उत्पादन पन्नास हजारांच्याही खाली होते. एवढ्या अल्प संख्येत साच्यांचा खर्च भागणे कठीण होते. म्हणून अँबॅसडरच्या नव्या 'मार्क'ची घोषणा होई, तेव्हा बहुधा पुढील जाळी, दिवे आणि आतील सजावट एवढेच बदललेले दिसे. मूळ देशांतील स्थिती याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डची तिसरी मालिका १९५९ मध्येच संपली होती. इटलीत १९६९ मध्ये '११००' चा वंश संपून पुढील चाकांना गती देणारी '१२८' ही नवी गाडी आली. त्याच वर्षी भारत सरकार '११०० डी' ची वाजवी किंमत ठरवीत होते.

६

या विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो विचारार्ह आहे. स्टँडर्ड कंपनीने गिऱ्हाइकाचे ऐकल्याचे उदाहरण समोर आहे. हेरल्डमध्ये मागील चाके स्वतंत्रपणे वरखाली होत. ही रचना कागदावर प्रगत होती, परंतु भारतीय रस्त्यांवर मालक आणि मिस्त्री या दोघांनाही ती मानवली नाही. १९७२ मध्ये 'गॅझेल' आणताना कंपनीने ती सोडून साधा अखंड आंस बसविला. म्हणजे गॅरेजातील तक्रार कारखान्यापर्यंत पोहोचली होती. परंतु याच दशकाच्या उत्तरार्धात गॅझेलचे उत्पादन थांबले आणि कंपनी काही वर्षे मोटारींच्या धंद्यातून बाजूला झाली. ऐकल्यामुळे ती बुडाली असे म्हणणे अर्थातच अतर्क्य ठरेल. इतके मात्र दिसते की, ऐकणाऱ्याला त्या व्यवस्थेत विशेष बक्षीस नव्हते आणि न ऐकणाऱ्याला शिक्षा नव्हती.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या विवेचनात असमाधानी गिऱ्हाइकापुढील दोन मार्ग सांगितले आहेत : सोडून जाणे आणि आवाज उठविणे. सोडून जाण्याची शक्यता असेल तर आवाजाला वजन येते, आणि तिसरी गोष्ट जी निष्ठा, ती सोडून जाणे लांबणीवर टाकते. फियाट-अँबॅसडरच्या वादाला हे विवेचन नेमके लागू पडते. येथे आवाज पुष्कळ होता. सोडून जाण्याची वाट नव्हती. रांगेत एकाने नाव काढून घेतले तर त्याच्या मागचा पुढे सरके. कारखान्याच्या हिशेबात काहीच उणे होत नसे. वादाला जी निष्ठेची धार होती, तिचेही स्पष्टीकरण यातून मिळते. चार-पाच वर्षे वाट पाहून मिळालेली आणि पंधरा-वीस वर्षे वापरावयाची गाडी सदोष आहे, असे मान्य करणे मालकाला सोपे नव्हते. जी गाडी नशिबी आली तिची बाजू मांडणे, हा निवड नसलेल्या माणसाचा निवडीचा आविष्कार होता.

७

१९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले आणि वादात काटकसरीचा मुद्दा वरचढ झाला. हिंदुस्तान मोटर्सने १९८० च्या सुमारास अँबॅसडरमध्ये डिझेल एंजिन दिले. परंतु खरी कलाटणी १४ डिसेंबर १९८३ रोजी मिळाली. त्या दिवशी सरकारी मालकीच्या मारुती कंपनीची, जपानच्या सुझुकीच्या सहकार्याने तयार झालेली पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन नळकांड्यांचे एंजिन, पुढील चाकांना गती, सातशे किलोग्रॅमहून कमी वजन आणि पन्नास हजार रुपयांच्या आसपास किंमत, असे तिचे स्वरूप होते. फियाट आणि अँबॅसडर यांच्या पक्षपात्यांनी प्रथम तिला खेळणे म्हणून हिणविले, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी लवकरच तिच्यासाठी नाव नोंदविले.

यानंतर काय घडले ते या लेखाच्या मुख्य सिद्धान्ताच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये 'काँटेसा' आणि प्रीमियरने १९८५ मध्ये '११८ एनई' ही गाडी काढली. दोहोंचे मूळ जुन्या युरोपीय गाड्यांत असले, तरी नव्या कायेचा खर्च करण्यास दोन्ही कारखाने प्रथमच प्रवृत्त झाले. खुद्द अँबॅसडरला नव्वदीच्या दशकाच्या आरंभी इसुझु कंपनीचे १८१७ घनसेंटिमीटरचे एंजिन आणि पाच गिअरांची पेटी मिळाली. तीस वर्षांच्या तक्रारींनी जे साधले नव्हते, ते गिऱ्हाईक सोडून जाऊ लागताच दहा वर्षांत साधले. अर्थात तोपर्यंत उशीर झाला होता. पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या वळणावर बंद पडले आणि अँबॅसडरचे मे २०१४ मध्ये. मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निघून गेली.

८

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, या वादाला केवळ हौशी लोकांची करमणूक समजणे योग्य नव्हे. सांगाड्याविषयीच्या समजासारख्या काही चुका सोडल्या, तर दुरुस्तीची सुलभता, भागांची उपलब्धता आणि रस्त्याचा प्रकार या कसोट्यांवर शौकिनांनी केलेली पारख ही त्या काळातील सरकारी किंमत-निश्चितीपेक्षा गाडीच्या खऱ्या मूल्याच्या अधिक जवळ होती. जुन्या गाड्यांच्या बाजारातील अधिमूल्य त्याची साक्ष देते.

दुसरा निष्कर्ष असा की, जाणकार गिऱ्हाईक असणे आणि त्या जाणकारीचा परिणाम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वदेशी उत्पादनाचे जे ध्येय वालचंद आणि विश्वेश्वरय्या यांनी पुढे ठेवले होते, ते मोठ्या प्रमाणात साध्य झाले. इंजिनापासून पत्र्यापर्यंत गाडी देशात तयार होऊ लागली, आणि तिच्या आधाराने सुटे भाग करणारे लहान उद्योग व कुशल मिस्त्रींची एक पिढी उभी राहिली. हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु गिऱ्हाइकाच्या मताची वाट कारखान्यापर्यंत नेण्याची सोय त्या रचनेत राहिली नाही. फोर्ड यांना १९२७ मध्ये जे ऐकावे लागले, ते कुर्ला आणि उत्तरपाडा यांना १९८३ पर्यंत ऐकावे लागले नाही. त्या मधल्या काळात रांगेत उभे राहून वाद घालणाऱ्यांची किंमत कोणत्याही ताळेबंदात नोंदली गेलेली नाही. भारतीय औद्योगिक धोरणाचे मूल्यमापन करताना ती धरल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.